साहेबांची सातची होडी

आमच्या साहेबांनी सहा वर्षं खाडीपारच्या होड्या चालवल्या आणि त्या सहा वर्षांत ते स्वतः होडीत बसले नाहीत. हे कुणाला सांगितलं की तो आधी हसतो आणि मग विचारतो, "मग होड्या बुडाल्या किती?" एकही नाही. हे ऐकून तो आणखीच गोंधळतो. त्याला काय दोष द्यायचा? मीही गोंधळलेलाच आहे. साहेब वाईट होते की भले, खुळे ते होते की आम्ही सगळे, याचा माझ्यापुरता निकाल अजून लागलेला नाही.

खाडीचं नाव मुद्दाम सांगत नाही. रेवदंडा आणि आगरदांडा यांच्या मधे कुठेतरी आहे असं समजा. अलीकडे आमच्या नारळी-पोफळीच्या वाड्या, पलीकडे कोळीवाडा आणि दक्षिणेला जाणारी गाडीवाट. मधल्या पाण्यावर चार होड्या चालत. त्यांचे मालक मुंबईचे एक व्यापारी. मालकांना एक मेहुणे होते आणि मेहुण्यांना काही काम नव्हतं. एवढ्या दोन कारणांवर आमचे साहेब आमच्याकडे आले. माणूस सोलापूरकडचा, म्हणजे जिथे नदीसुद्धा उन्हाळ्यात दिसेनाशी होते तिथला. मी तेव्हा नुकताच मॅट्रिक होऊन होड्यांच्या कचेरीत कारकून म्हणून चिकटलो होतो.

साहेब साडेसहाच्या ठोक्याला धक्क्यावर येत. काळा कोट, काळी टोपी, काखेत छत्री आणि गळ्यात काळ्या गोफात अडकवलेली पितळी शिट्टी. आल्या आल्या ते छत्री उलटी धरून धक्क्याच्या पायरीवरून पाण्यात बुडवत, किती भिजली ते बघत आणि मला सांगत, "लिहा. पाणी पुरेसं आहे." पायरीशी पाणी नेहमीच पुरेसं असे. फसवं पाणी होतं ते मधे. पण मधे जायला होडीत बसावं लागतं. साहेबांना पाण्याचं भय होतं आणि ते भय त्यांनी एका वाक्याखाली झाकून ठेवलं होतं. "पाणी म्हणजे काय हो, ओली जमीनच ती!" हे वाक्य मी दिवसातून चारदा तरी ऐकलं असेल.

होडीतल्या फळ्यांवर त्यांनी चुन्याने नंबर घातले. प्रत्येकाने आपापल्या नंबरावर बसायचं. काशीबाय नावाची एक कोळीण रोज मासळीची पाटी घेऊन येजा करायची. तिला सात नंबर मिळाला. ती म्हणाली, "सायेब, माझं बूड काय सातातच मावतंय? आठबी लिवा." साहेबांनी गंभीरपणे वहीत "सात व आठ" असं लिहून घेतलं. बाई हसून हसून लोळायची राहिली. साहेब मात्र हसले नाहीत. थट्टा त्यांच्यापर्यंत पोचतच नसे.

आणि तरीही हा माणूस लबाड नव्हता हो. कुणी पापलेटं आणून दिली तर ती परत जात. वाडीवाल्यांनी रातांब्याची टोपली पाठवली तीही परत गेली. मला एकदा हिवतापाने गाठलं तेव्हा साहेब रोज संध्याकाळी कोयनेल घेऊन आमच्या घरी येत, अंथरुणाच्या पायथ्याशी बसत आणि माझी करमणूक व्हावी म्हणून नवं वेळापत्रक वाचून दाखवत. त्या तापात मी त्यांच्यावर प्रेमच करत होतो असं म्हटलं तरी चालेल. बरा झालो आणि पुन्हा त्यांच्या हाताखाली बसलो, तेव्हा ते प्रेम कुठे ठेवावं ते कळेना.

साहेबांचा सगळा जीव त्या वेळापत्रकात होता. लाकडी फळ्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने लाल-निळ्या रंगात ते रंगवलं होतं. सकाळी सात, अकरा, दुपारी तीन. अक्षर असं की वाचता न येणारी माणसंही थांबून बघत. ऊन-खाऱ्या वाऱ्याने रंग उडाला की साहेब पुन्हा बसून रंगवत. गंमत एवढीच की समुद्र काही घड्याळ बघून चढत नाही. आमच्याकडे लंगोटीतल्या पोरालाही ठाऊक असतं की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमीला सहाच्या सुमाराला भरती, पौर्णिमेला अकरा-बाराच्या सुमाराला. रोज वेळ पुढे सरकते. आमच्या खाडीच्या मधोमध वाळूचा दांडा होता. भरतीत त्याच्यावरून होडी डुलत जाई. पण पुऱ्या ओहोटीला तो जवळजवळ उघडा पडे आणि त्याच्यावर समुद्राकडून येणारी लाट फुटे. माझ्या आजोबांच्या वेळी तिथे एक पडाव, म्हणजे मोठी मालवाहू होडी, रुतून बसला होता. त्यातली अकरा माणसं सापडली नाहीत. म्हणून साहेब येण्यापूर्वी होडी पाण्याच्या वेळेला सुटायची. कुणीही कुणाला वेळ सांगत नसे, सगळ्यांना ती ठाऊकच असे.

होड्यांचा म्होरक्या होता इब्राहिम तांडेल. सुकाणू धरायला लागून त्याला चाळीस वर्षं झाली होती. आमच्या वाडीची सुपारी त्याच्याच होडीतून जायची, त्यामुळे मी त्याला लहानपणापासून चाचा म्हणायचो. वेळापत्रक लागलं त्याच दिवशी चाचा कचेरीत आला. साहेबांसमोर उभा राहून शांतपणे म्हणाला, "साहेब, उद्या सातला दांड्यावर पानी न्हाय. होडी बसंल. लाट आली का पलटी खाईल."

"उद्या सात वाजणार आहेत की नाही?" साहेबांनी विचारलं.

"वाजतील की."

"मग होडी सातला सुटेल. आणि पुन्हा माझ्यापुढे हा विषय काढायचा नाही."

चाचाने एकदा माझ्याकडे बघितलं. मी शाईची दौत पुसत होतो, ती आणखी पुसत राहिलो. "हुकूम," असं म्हणून तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी धक्क्यावर सगळ्यांचेच चेहरे उतरलेले. सातला साहेबांनी शिट्टी फुंकली. होडी सुटली, शीड उभारलं, आणि धक्क्यापासून थोड्या अंतरावर पाण्यात शिरलेलं जे खडकाळ नाक आहे, त्याला वळसा घालून दिसेनाशी झाली. नाकापलीकडे चाचाने नांगर टाकला. दोन तास होडी तिथे झाडांच्या सावलीत उभी. दांड्यावर पाणी चढलं तसा नांगर उचलून ती सुखरूप पलीकडे गेली. साहेबांच्या वहीत होडी सातला सुटली होती. खाडीच्या हिशेबाने ती नऊला सुटली. दोन्ही खरं.

मग ती रीतच पडली. शिट्टीला सुटायचं, नाकाआड थांबायचं, पाणी आलं की जायचं. हे कुणी ठरवलं नाही, कुणी कुणाला शिकवलं नाही. उतारू चार दिवसांत तयार झाले. कुणी चुरमुरे बांधून आणी, कुणी दोरा-सुई, कुणी पोथी. त्या नाकाआड दोन लग्नं जमली आणि भावाभावांतला बांधाचा एक तंटा मिटला, हे मी स्वतः बघितलेलं आहे. काशीबाय तर म्हणायची, "घरी काय इसावा हाय? इथं मिळतोय तेवढाच." पलीकडच्या तीरावरून येणाऱ्या होड्यांवर साहेबांची नजरच नव्हती. त्या आपल्या पाण्याच्या वेळेला येत.

मला तेव्हा आम्हा सगळ्यांचं फार कौतुक वाटे. डोक्यावर असा माणूस असूनही आम्ही गाडा चालवतो आहोत! साहेब साहेबांच्या जागी, पाणी पाण्याच्या जागी, तेरी भी चूप, मेरी भी चूप. मुंबईहून मालकांचं पत्र आलं की इतक्या नियमित होड्या साऱ्या किनाऱ्यावर नसतील. साहेबांनी ते मला दोनदा वाचून दाखवलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मीच लिहिलेल्या आकड्यांचं ते कौतुक होतं आणि त्या आकड्यांना काही अर्थ नव्हता. मला लाज वाटली आणि बरंही वाटलं. एकाच वेळी दोन्ही कसं वाटू शकतं, ते मला विचारू नका.

पण गाडा चालला की आपण समजतो, सगळं ठीक आहे. पलीकडे होडी लागली की तिथला माणूस चिठ्ठी धाडी. पोचण्याची वेळ अमुक. ती चिठ्ठी खरी असे, आणि मी ती जशीच्या तशी वहीत उतरवी. म्हणजे सुटण्याची वेळ साहेबांची, पोचण्याची वेळ खाडीची. या दोन वेळा एका ओळीत लिहिताना माझ्या डोक्यात काही आलं नाही. साहेबांच्या डोक्यात मात्र आलं.

एका दुपारी त्यांनी मला बोलावलं. समोर आखीव कागद. त्यावर वर्षभराच्या सातच्या होडीचा प्रवास लाल शाईने काढलेला. रेघ चढत होती, उतरत होती. कधी अर्धा तास, कधी अडीच. काम फार सुरेख झालं होतं.

"हा तांडेल मधूनमधून आळशी होतो," साहेब म्हणाले. "आणि बघा, नेमाने होतो. पंचांग आणा."

मी पंचांग दिलं. साहेब बोट ठेवत ठेवत तिथ्या लावत गेले. जिथे जिथे रेघ चढली होती तिथे तिथे पौर्णिमा किंवा अमावास्या, नाहीतर त्यांच्यानंतरचे दोन-तीन दिवस. मला वाटलं, आता कळणार! जे आमच्याकडे लंगोटीतल्या पोराला ठाऊक आहे ते साहेबांनी कागदावर स्वतः शोधून काढलं होतं. फक्त एक पाऊल राहिलं होतं.

साहेबांनी चष्मा काढला. त्यांचा चेहरा खरोखर दुःखी झाला होता. "या माणसाच्या डोक्यावर परिणाम आहे," ते म्हणाले. "अमावास्या-पौर्णिमेला झटके येत असणार. बिचारा. पण अशा माणसाच्या हाती मी उतारूंचे जीव देऊ शकत नाही. तुम्हाला काय वाटतं?"

मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची वेळ अशी समोर खुर्ची घेऊन येईल, असं मला वाटलं नव्हतं. मी सांगितलं असतं तर नाकाआडची रीत बंद झाली असती. मग सातला होड्या खरोखर दांड्यावर गेल्या असत्या. माझी नोकरीही गेली असती. यातलं कुठलं कारण आधी आलं आणि कुठलं मी मागाहून जोडलं, हे आता सांगता येत नाही. मी म्हणालो, "आपण म्हणता तसं असेल."

चाचाला काढल्याचं पत्र माझ्याच अक्षरात आहे. त्याने ते वाचायला माझ्याकडेच दिलं, कारण त्याला वाचता येत नव्हतं. मी वाचलं. "डोक्यावर परिणाम" या शब्दांशी माझा आवाज अडखळला. सुकाणूच्या दांड्यावर बांधलेलं आपलं फडकं त्याने सोडलं, खांद्यावर टाकलं आणि वाळूतून चालत गेला. गावात महिनाभर पोरं त्याला चिडवत होती, "चाचा, आज पुनव हाय!"

नवा तांडेल दुसऱ्या कुठल्याशा बंदरावरचा होता. मोठ्या मचव्यांवर काम केलेला, पण आमच्या दांड्याशी ओळख नसलेला. साहेबांनी त्याला एकच गोष्ट सांगितली होती. मधे कुठेही थांबायचं नाही. त्याची पहिली सातची होडी पौर्णिमेनंतर दोन दिवसांनी होती, म्हणजे सातला ठार ओहोटी. मी साहेबांना पलीकडे काम आहे असं सांगून त्या होडीत बसलो. नाक आलं की त्याला सांगायचं, असं मी घरापासून घोकत आलो होतो.

नाक आलं. होडी वळली. नांगर काही पडला नाही. उतारूंनी सवयीने गाठोडी सोडायला घेतली होती, त्यांचे हात थांबले. समोर दांड्यावर पांढरं पाणी उसळताना दिसत होतं. माझं तोंड उघडलं, पण आवाज आला तो काशीबायचा.

"आरं ए, नांगर टाक! कंच्या बंदरावरचा रं तू?"

"साहेबांचा हुकूम हाय, थांबायचा न्हाय."

"हुकूम सायबाचा आन पान्यात जीव आमचा! टाक बोलते ना!"

आणि मग सगळेच उठले. भटजी, सुपारीवाला, दोन बुरखेवाल्या बाया, एक म्हातारा. सगळे एकच ओरडत होते, नांगर, नांगर! खलाशांनी नव्या तांडेलाच्या तोंडाकडे न बघता नांगर सोडला. होडी हिसका देऊन थांबली. तांडेल पांढरा पडला होता. काशीबायने त्याच्या हातावर मूठभर चुरमुरे ठेवले आणि म्हणाली, "खा. चांगले दोन तास हायेत." त्या दिवसापासून तोही थांबायला लागला. रीत चाचाबरोबर गेली नव्हती, ती होडीत बसणाऱ्या माणसांत उतरली होती. मला त्या क्षणी आनंद झाला आणि लगेच वाटलं, मग चाचाला का जावं लागलं? त्याच्या जाण्याने काहीच बदललं नव्हतं. वहीतली रेघ पूर्वीसारखीच चढत-उतरत राहिली. साहेबांनी ती पुन्हा काढून बघितली नाही. आजार गेला, आता औषध कशाला तपासायचं, असं त्यांना वाटलं असावं.

सहा वर्षांनी साहेब निवृत्त झाले. मालकांच्या सांगण्यावरून धक्क्यावर मांडव घातला. मानपत्र मी लिहिलं. "आपल्या कारकिर्दीत एकही अपघात घडला नाही" हे वाक्य वाचताना लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या चेष्टेच्या नव्हत्या हे मी शपथेवर सांगतो. काशीबायने तर साहेबांना नारळ दिला आणि डोळे पुसले. सवय झाली की माणसाला वाईटाचाही लळा लागतो की काय, कोण जाणे. आणि ते वाईट होते तरी का?

त्यांची मुलगी दक्षिणेकडे दिली होती, तिच्याकडे ते राहायला निघाले. गाडीवाट पलीकडून, म्हणजे होडीला पर्याय नव्हता. मी पोचवायला बरोबर बसलो. साहेबांनी दोन्ही हातांनी फळी घट्ट धरली होती. गळ्यातला हार ओला झाला होता. नाकाला वळसा घातला आणि तांडेलाने, सवयीने, नांगर टाकला. आज साहेब होडीत आहेत, हे त्याच्या लक्षात आलं तोवर दोर ताणला गेला होता.

"हे काय?" साहेबांनी विचारलं.

एका बाईने अर्धवट सोडलेलं गाठोडं पुन्हा बांधायला घेतलं. साहेबांनी ते बघितलं. मग मान वळवून लांबवर दांड्यावर फुटणारी लाट बघितली. बराच वेळ बघितली.

"रोज?" ते मला म्हणाले.

"ओहोटी असेल तेव्हा."

"सहा वर्षं?"

मी मान हलवली. त्यांच्या ओठांची हालचाल झाली, जणू ते काही मोजत होते. "म्हणजे तो इब्राहिम…" त्यांनी वाक्य सोडून दिलं. "मला सांगितलं का नाही तुम्ही?"

"चाचाने सांगितलं होतं, साहेब. पहिल्याच दिवशी."

"हो. एकदा सांगितलं होतं." ते म्हणाले. "दुसऱ्यांदा का नाही?"

आपण ऐकलं नसतं, असं मला म्हणायचं होतं. पण त्यांनी ऐकलं नसतंच, हे मला कुठे नक्की माहीत होतं? पंचांग उघडं असताना त्यांनी मला विचारलं होतं की. पाणी चढल्यावर होडी निघाली, साहेबांचे हात फळीवरच होते. पलीकडे उतरल्यावर त्यांनी हार काढून माझ्या हातात दिला आणि गाडीत बसले.

त्यांच्या जागी मालकांनी मला नेमलं. पहिल्या आठवड्यात मी तो रंगीत फळा उतरवला आणि होड्या तिथीप्रमाणे सोडायला लावल्या. दुसऱ्या आठवड्यात चाचाच्या घरी गेलो. तो अंगणात दुसऱ्या कुणाचं जाळं सांधत बसला होता. केस पार पांढरे झाले होते. मी सगळं सांगितलं. साहेबांचा प्रश्न सांगितला, त्यांचा चेहरा कसा झाला होता ते सांगितलं. मग म्हणालो, "चाचा, आता कचेरीत मी आहे. सुकाणू तुमचंच आहे. परत या."

त्याने दोरा दातांनी तोडला.

"साहेबानं मना काढला, त्याचा राग न्हाय," तो म्हणाला. "त्याला ठावं नव्हतं. तुला ठावं व्हतं."

मग त्याने आत हाक मारून चहा सांगितला. चहा आला. तो माझ्याशी पोफळीच्या पिकाबद्दल बोलला, माझ्या आईची तब्येत विचारली, मला फाटकापर्यंत पोचवायलाही आला. होडीवर मात्र तो परत आला नाही.